तुमचा सीडीआर कोणी पाहिला?

२०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. आरोप असा होता, की लोकांच्या मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कोणत्या नंबरवरून कोणाला, कधी आणि किती वेळ फोन झाले याच्या सविस्तर याद्या, ते बेकायदा मिळवून विकत होते. पुढच्या काही आठवड्यांत तपास ठाण्याबाहेर पसरला. यवतमाळच्या पोलीस दलातल्या एका शिपायाला अटक झाली, मार्चमध्ये मुंबईतले एक नामांकित वकील पकडले गेले, चित्रपटसृष्टीतली काही नावे वर्तमानपत्रांत झळकली. नावे मोठी असल्यामुळे चर्चा त्यांच्याभोवतीच फिरली. खरा प्रश्न मागे पडला: मोबाइल कंपनीच्या संगणकात असलेली ही यादी मुळात बाहेर आलीच कशी?

डिजिटल काळातला खासगीपणाचा कायदा ज्याला शिकायचा आहे, त्याने सुरुवात या प्रश्नापासून करावी असे मला वाटते. संविधानाच्या कलम २१ पासून सुरुवात करून खाली उतरण्याची पद्धत वर्गात सोयीची असते, पण तिने विषय अंगावर येत नाही. एका माणसाची एक माहिती घ्यावी, ती कुठे जन्मली, कोणाकडे गेली, कोणाच्या सहीने गेली, हे शोधत वर चढावे. वाटेत बहुतेक सगळे कायदे भेटतात.

सीडीआर म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. त्यात संभाषण नसते. त्यामुळे ‘बोलणे तर कोणी ऐकले नाही ना, मग बिघडले काय’ असे अनेकांना वाटते. डोंबिवली पूर्वेला राहणारी आणि घाटकोपरला नोकरी करणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिच्या सीडीआरच्या एका ओळीत फोन करणारा नंबर, ज्याला केला तो नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद, फोन आला की केला, हँडसेटचा पंधरा आकडी क्रमांक, आणि फोन सुरू होताना व संपताना तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, एवढे असते. सकाळी ७.५२ ला मानपाडा रोडवरच्या टॉवरवरून आईला चाळीस सेकंद. ८.३१ ला सुरू झालेला फोन कळव्याच्या टॉवरवर सुरू होतो आणि मुलुंडच्या टॉवरवर संपतो, म्हणजे बाई लोकलमध्ये आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी नौपाड्यातून दोन-दोन फोन, त्यातला एक नंबर एका मानसोपचार तज्ज्ञाच्या दवाखान्याचा. रात्री पावणेबाराला एकाच नंबरवर पंचवीस मिनिटे, असे आठवड्यातून चार वेळा. अशा सहा महिन्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या, की तिचा डॉक्टर, तिची मैत्रीण, तिचे भांडण, तिने गुपचूप दिलेली नोकरीची मुलाखत, सगळे कागदावर येते. एक शब्दही ऐकावा लागत नाही. उलट बोलणे ऐकायला वेळ लागतो. सीडीआर एक्सेलमध्ये टाकला की दहा मिनिटांत आयुष्य वाचता येते.

ही यादी कंपन्यांना ठेवावीच लागते. दूरसंचार खात्याच्या परवान्यातल्या अटीनुसार पूर्वी ती किमान एक वर्ष जपायची असे, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षे. तपासासाठी ती पोलिसांना मिळू शकते, आणि मिळायलाही हवी. अपहरण, खून, ऑनलाइन फसवणूक यांतले कितीतरी तपास सीडीआरवरच उभे राहतात. पण कोणीही उठून ती मागवू शकत नाही. २०१३ मध्ये एका बड्या राष्ट्रीय नेत्याचे सीडीआर बेकायदा मिळवल्याचे उघड झाले, आणि त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम कडक केले. मागणी किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या, आणि आयुक्तालय असेल तिथे उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडून जायला हवी. कायद्याचा आधार तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचा होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा, मुख्यतः कलम ९४ चा आहे.

म्हणजे दार होते, दाराला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे असावी हेही ठरलेले होते. ठाण्याच्या प्रकरणातले आरोप वाचले तर लक्षात येते, की कुलूप कोणी फोडले असे त्यात फारसे नाहीच. किल्ली ज्यांच्या हाताशी होती, त्यांच्याच मार्गाने माहिती बाहेर पडल्याचा तो आरोप आहे. मला या सगळ्या कायद्याचे मर्म इथे दिसते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारा माणूस चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. तुमच्याकडे काय आहे हे कायदा विचारत नाही. तो पाहणाऱ्याला विचारतो: तू कोण, कोणत्या कामासाठी पाहिलेस, कोणाच्या आदेशाने पाहिलेस, आणि काम झाल्यावर त्या कागदाचे काय केलेस.

याच प्रकरणाला दुसरी बाजूही आहे आणि विद्यार्थ्याने ती सोडू नये. अटक झालेल्या वकिलांच्या पत्नीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अटकेआधी पाळायची पद्धत पोलिसांनी पाळली नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्यांची तातडीने सुटका करायला लावली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबरमध्ये तिथे तो आदेश रद्द झाला. दंडाधिकाऱ्याच्या कोठडी आदेशाने माणूस आत असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका चालत नाही, असा तो निकाल आहे. लोकांच्या खासगीपणाचा भंग शोधणाऱ्या पोलिसांनाही आरोपीच्या स्वातंत्र्यापुढे जाब द्यावा लागतो. एका फाइलमध्ये दोन हक्क समोरासमोर उभे राहतात, आणि अशी फाइल वाचणे पाठ्यपुस्तकाची चार प्रकरणे वाचण्याइतके शिकवून जाते.

आता वर चढू. खासगीपणा आपल्या संविधानात शब्दाने लिहिलेला नाही, पण तो कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा मांडला, त्यात माणूस, त्याचे घर आणि कागदपत्रे यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये, असा हक्क स्पष्ट नोंदवला होता. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात घर आणि पत्रव्यवहार यांच्या गुप्ततेचा उल्लेख होता. पोलीस तपासाला अडचण होईल या आक्षेपापुढे ही कलमे गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयीची दुरुस्ती संविधान सभेत पुन्हा मांडली. आंबेडकरांनी ती उपयुक्त मानली, तरी अखेर ती मंजूर झाली नाही. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे याची किंमत मोजावी लागली. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींनी दिलेल्या निकालांतून असा अर्थ काढला गेला, की हा हक्क आपल्या संविधानात नाही. मधल्या काळात लहान पीठांनी तो हक्क मान्य केला, टेलिफोन टॅपिंगवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली, पण वरचे दोन निकाल डोक्यावर टांगलेलेच राहिले.

ते उतरवायला नऊ न्यायमूर्ती बसावे लागले, आणि ते बसले आधार कार्डामुळे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका महिलेला दिला गेला. दोन वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारला आव्हान दिले, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. त्या खटल्यात सरकारनेच ‘खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही’ असा मुद्दा काढला आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की हा हक्क कलम २१ च्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच आहे.

त्या पीठावर महाराष्ट्रातले न्यायमूर्ती होते, नागपूरचे शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड. मुख्य निकालपत्र चंद्रचूडांचे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, जगण्याचा हक्कसुद्धा सरकार स्थगित करू शकते असे मानणारा जो बहुमताचा निकाल झाला, त्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने तो निकाल गंभीरपणे सदोष ठरवून रद्द केला. कायदा शिकणाऱ्याने हे निकालपत्र मुळातून वाचावे. ते फार लांब आहे, म्हणून किमान या दोन विषयांवरचे भाग तरी वाचावेत: आणीबाणीच्या निकालाचे काय केले, आणि सरकारला खासगीपणात शिरायचे असेल तर कोणती कसोटी लावली. ती कसोटी साध्या शब्दांत अशी, की शिरण्यासाठी कायदा असला पाहिजे, कारण वाजवी असले पाहिजे, आणि कारणाच्या मानाने उपाय अवाजवी मोठा असता कामा नये.

ही कसोटी कोर्टात कशी लागते याचा उत्तम नमुना मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. एका व्यावसायिकाचा फोन सीबीआयच्या लाचखोरीच्या तपासासाठी टॅप केला होता, त्याचे तीन आदेश होते. कायदा टॅपिंगला परवानगी देतो ती सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तेव्हाच. लाचखोरीचा गुन्हा गंभीर खरा, पण तो त्या चौकटीत बसत नाही, असे म्हणून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. ‘गुन्हेगार सुटला’ म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की त्या दिवशी ज्या अटी सांभाळल्या गेल्या त्याच अटी तुमच्या-माझ्या फोनभोवती आहेत.

कायदा शिकणाऱ्याची अडचण वेगळीच असते. खासगीपणा नावाचे एक पुस्तक नाही. त्याचा एक तुकडा संविधानाच्या पेपरात असतो, एक फौजदारी कायद्यात, एक पुराव्याच्या कायद्यात, एक करारात, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा ऐच्छिक म्हणून घेतला तर घेतला. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या टीएमसी विधी महाविद्यालयात किंवा इतर कुठे, कर्जत-कसाऱ्याकडून लोकल पकडून येणारी, दिवसा नोकरी करणारी मुले हे पेपर सुटे सुटे देतात. तुकडे कोणी जोडून देत नाही, ते ज्याचे त्यानेच जोडायचे.

सीडीआरचाच कागद पुन्हा हातात घ्या. तो बेकायदा मिळवला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ लागू शकतात. कराराने हाती आलेली माहिती विश्वासघाताने दुसऱ्याला दिली तर कलम ७२-अ, तीन वर्षांपर्यंत कैद. कोणाचे खासगी अवयव संमतीशिवाय टिपले तर कलम ६६-ई. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७८, म्हणजे पाठलाग. ही झाली गुन्ह्याची बाजू. आता समजा तोच कागद एखाद्याने कल्याणच्या न्यायालयात पुरावा म्हणून आणला. इथे जालन्याचा एक खटला कामाला येतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला: मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. तेव्हा ते कलम ६५-ब होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे. बेकायदा मिळवलेल्या सीडीआरला मोबाइल कंपनी असे प्रमाणपत्र कशाला देईल? म्हणजे हजारो रुपये मोजून आणलेला कागद बहुतेक वेळा कोर्टाच्या कामाचा राहत नाही, आणि आणणारा मात्र आरोपी होतो. कौटुंबिक वादात सापडलेल्या माणसाला हे त्याच्या वकिलाने पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

नवरा-बायकोने एकमेकांचे बोलणे स्वतःच रेकॉर्ड केले असेल, तर गोष्ट निराळी आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यात असे गुप्त ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालते, असे ठरवले. संसार पाळत ठेवण्यापर्यंत आला असेल तर तो आधीच मोडला आहे, असा न्यायालयाचा रोख होता. मला हा निकाल पटलेला नाही. घरातल्या दोघांपैकी ज्याच्या हातात चांगला फोन आणि तो वापरण्याची हुशारी, त्याचे पारडे यामुळे जड होते, आणि आपल्याकडे ती व्यक्ती बहुतेक घरांत पुरुषच असतो.

ठाणे जिल्ह्याचा डिजिटल कायद्याशी संबंध सीडीआरपुरता नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने लिहिले होते, दुसरीने त्याला पसंती दिली होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या अटकेने देश हलला, श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. विषय अभिव्यक्तीचा होता, पण धडा तोच: मोघम शब्दांचा कायदा ज्याच्या हाती पडतो त्याच्या मर्जीने चालतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. तिथून अमेरिकी नागरिकांना फोन करून, आपण तिथल्या कर खात्याचे अधिकारी आहोत असे भासवून पैसे उकळले जात होते. धमकी खरी वाटते ती समोरच्याला आपले नाव-गाव माहीत असले की. आज ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली आपल्याकडच्या निवृत्तांना लुबाडले जाते, तेही त्याच तंत्राने. फुटलेली माहिती कुठे जाते याचे उत्तर शेवटी असे कोणाच्या तरी बँक खात्यात सापडते.

आता नवा कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक महत्त्वाच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. माहिती घेणाऱ्याने कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, काम संपले की ती पुसायची, फुटली तर संबंधित माणसाला आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला कळवायचे. सुरक्षिततेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय घेता येणार नाही. आणि मराठी वाचकाच्या फार कामाची एक तरतूद आहे: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय दिलाच पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. बँक, रुग्णालय, क्लास, ॲप, कोणाकडूनही ही सूचना मराठीत मागण्याचा तुमचा हक्क असेल.

हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांत याचा अर्थ विचित्र होतो. फाटकावर वॉचमनच्या वहीत कुरिअरवाला, मोलकरीण, पाहुणा, सगळे नाव, नंबर, कोणाकडे जायचे, हे पेनाने लिहितात, आणि पुढचा माणूस आधीच्या दहा जणांचे नंबर आरामात वाचतो. या वहीला नवा कायदा लागत नाही. तीच नोंद ॲपमध्ये केली की लागतो. वहीचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर ती माहिती डिजिटल झाली. मग तो घरगुती वापर म्हणून सुटतो की सोसायटीचे काम म्हणून अडकतो, यावर वाद होईल. असे वाद उद्या ठाण्या-कल्याणच्या वकिलांकडेच येणार आहेत.

भाड्याच्या घरांचे पाहा. डोंबिवली, कल्याण, घोडबंदर रोड इथे दर अकरा महिन्यांनी करार फिरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे सक्तीचे आहे, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, आणि आता नोंदणी घरबसल्या अंगठा लावून होते. या सगळ्यात आधार, पॅन, फोटो, कंपनीचे पत्र हे एजंटच्या फोनमध्ये जमते. शंभर भाडेकरूंची कागदपत्रे बाळगणारा एजंट या कायद्याच्या भाषेत माहितीचा विश्वस्त ठरतो. करार संपल्यावर ती कागदपत्रे पुसायची असतात, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे तीच द्यावी.

कायद्यातली उणीव मोठी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. दंड सरकारच्या तिजोरीत जाईल, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये ती आहे. त्या कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटींपर्यंतचे दावे चालतात, आणि महाराष्ट्रात ऑनलाइन फसवणुकीत बँकांना भरपाई द्यायला लावणारे आदेश या मार्गाने झालेले आहेत. नव्या कायद्याने ४३-अ वगळायचे ठरवले आहे. सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने पूर्ण सूट देण्याचा अधिकारही केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी वापरलेल्या माहितीला बहुतेक नियमांतून सूट आहेच, पण एक बंधन तिथेही कायम आहे: माहिती सुरक्षित ठेवण्याचे. २०१८ च्या सीडीआर प्रकरणासारखे काही उद्या घडले, तर वकिलाला बोट ठेवायला ही एक ओळ उरते.

कल्याण-डोंबिवलीकरांना सर्वांत जवळून भिडणारा भाग मात्र वेगळा आहे. या कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासूनच अमलात आला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होते, हे दाखवावे लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे म्हटले की पुरते. महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यावर महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण आठवा. एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले, आणि हजारो रहिवाशांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. असली प्रकरणे कोणाची सही, कोणाचा प्रस्ताव, कोणती तारीख, हे विचारूनच बाहेर येतात. उद्या जन माहिती अधिकाऱ्याने सही करणाऱ्याचे नाव ‘वैयक्तिक’ म्हणून झाकले तर? कल्याण-डोंबिवली महापालिका संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रांसाठी नव्या शतकाच्या सुरुवातीलाच राज्यात नावाजली गेली. तिथे आपली घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू सगळे संगणकात आहे. नागरिक त्यांना पूर्ण दिसतो आणि नागरिकाला मात्र फाइल दिसत नाही, अशी व्यवस्था खासगीपणाच्या नावाने उभी राहू नये.

याला उत्तर कायद्यातच आहे. कलम ८(२) शाबूत आहे. सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. पूर्वी अर्जात हे कलम लिहायची गरज पडत नसे. आता पहिल्याच अर्जात ते लिहावे, हित कोणते ते दोन वाक्यांत मांडावे आणि अपिलातही तोच मुद्दा धरावा. विधी महाविद्यालयांच्या मोफत सल्ला केंद्रांनी असे अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली, तर मुलांचा अभ्यास होईल आणि लोकांचे कामही होईल.

आणि बाकीच्या वाचकांना एक विनंती. मे २०२७ ची वाट पाहू नका. तुमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेआधी सचिवांना लेखी पत्र द्या आणि तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला लावा: सीसीटीव्हीचे चित्रण किती दिवस ठेवले जाते आणि ते कोण पाहू शकतो, फाटकावरच्या ॲपमधली माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंची कागदपत्रे कधी नष्ट करणार. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.